गोल्फ आणि मनोजय
गोल्फच्या खेळांत चेंडू स्थिरच असतो. स्थिर करावयाचें असतें तें मन! अमेरिकेचा हौशी खेळाडू बॉबी जोन्स याचें उदाहरण आम्हांस म्हणूनच उद्बोधक वाटतें. १९२१ सालीं सेंट अँड्र्यूज येथें वाळूच्या खड्ड्यांत चेंडू अडकतांच या एकोणीस वर्षांच्या तरुणानें संतापून स्पर्धाच सोडली. पुढें मात्र प्रतिस्पर्ध्याकडे न पाहतां ‘पार’शीं, म्हणजे मैदानाच्या ठराविक फटकेसंख्येशींच, झुंजण्याचा त्यानें परिपाठ ठेविला. १९२५ सालीं चेंडू किंचित् हलल्याचें इतर कोणीहि पाहिलें नव्हतें. त्यानें स्वतःच तें सांगून दंडाचा फटका पदरीं घेतला. अमेरिकेचें अजिंक्यपद हुकलें. १९२६ सालीं तेंच त्यानें मिळविलें आणि १९३० सालीं चारहि प्रमुख स्पर्धा जिंकल्या. घरांतील परीक्षार्थी मुलांस आम्ही एवढेंच सांगूं: चुकलेला प्रश्न मागें टाकावा, शेजाऱ्याच्या कागदाकडे पाहूं नये, हातीं असतो तो पुढचा प्रश्न.