घरी गेल्यावरही सहा आठवडे लक्ष ठेवा



सातपुड्यात थंडी कडक पडते. डोंगरातल्या पाड्यांवर रात्री दार लावून, घमेल्यात निखारे घेऊन लोक झोपतात. गेल्या हिवाळ्यात अशाच एका घरातील तिघांना पहाटे आमच्या दवाखान्यात आणले. मुलगा व सून यांना डोकेदुखी आणि उलट्या होत्या; घमेल्याशेजारी झोपलेली आजी बेशुद्ध होती. प्राणवायू दिल्यावर ती शुद्धीवर आली, जेवली, बोलली. चौथ्या दिवशी देवाचे आभार मानून आम्ही तिला घरी पाठवले.

तीन आठवड्यांनी मुलगा परत आला. "सिस्टर, आई भाकर थापायची विसरली. लघवी कपड्यातच होते. पाड्यावर म्हणतात, बाहेरची बाधा आहे."

ती बाधा नव्हती. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. उपचाराने हे विष काही तासांत रक्तातून उतरते. पण मेंदूतील इजा कधी कधी आतल्या आत वाढत राहते. मध्ये रोगी अगदी बरा दिसतो. मग काही दिवसांनी, बहुधा सहा आठवड्यांच्या आत, विसराळूपणा, गोंधळ, स्वभावात बदल, अडखळती चाल अशी लक्षणे दिसू लागतात.

धोका कोणाला अधिक? जो बेशुद्ध झाला, जो फार वेळ त्या हवेत राहिला, ज्याचे वय जास्त आहे आणि ज्याला उपचार उशिरा मिळाले. रक्तातील विषाच्या प्रमाणावरून मात्र हे नक्की सांगता येत नाही. बोटाला लावायचे साधे ऑक्सिमीटरही फसवते. ते आकडा चांगलाच दाखवते.

आजीला घरी पाठवताना यातले काहीच आम्ही घरच्यांना सांगितले नव्हते, ही खंत मला आहे. आता अशा प्रत्येक रोग्याच्या घरी आमचे सेवक सहा आठवडे जातात. पुष्कळ जण काही महिन्यांत सुधारतात. आजीही आता आधार घेऊन चुलीपाशी बसते.

शहरातील वाचकहो, बंद न्हाणीघरातील गॅस गीझरमधूनही हाच वायू निघू शकतो. खिडकी उघडी ठेवा; शेगडी झोपण्याआधी घराबाहेर काढा. आणि पाड्यांवर फिरणाऱ्या आमच्या सेवकांसाठी प्रार्थना करा.