धैर्य घडते संथ पाण्यात

साहसी खेळ म्हटले, की बर्फावरून सुसाट धावणारी स्नोमोबाइल किंवा हवेत कोलांटी घेणारी सायकल डोळ्यांपुढे येते आणि पाठोपाठ ‘जिवावर उदार’ हे शब्दही ओठांवर येतात. माझ्या मते ही समजूतच या खेळांची सर्वांत मोठी वैरी आहे. धोक्यात उडी घेणे वेगळे आणि धोका ओळखून, मोजून त्यातून पार होणे वेगळे. दुसरी गोष्ट शिकवता येते, आणि बर्फ किंवा उत्तुंग शिखरे नसलेले भोपाळ याची साक्ष देते.

30 जानेवारी ते 11 फेब्रुवारी 2023 या काळात मध्य प्रदेशात ‘खेलो इंडिया’ युवा स्पर्धा झाल्या. त्यांत पाण्यातील वल्ह्यांचे खेळ पहिल्यांदाच आले. कयाकिंग, कनोइंगच्या सरळ शर्यती भोपाळच्या बड्या तलावावर झाल्या. कनो स्लॅलम मात्र अहिल्याबाईंच्या महेश्वरी, खडकांमधून नर्मदा असंख्य धारांनी फुटते त्या सहस्रधारेत. या खेळात उसळत्या पाण्यावर टांगलेल्या खांबांच्या जोड्यांमधून नाव काढायची असते. हिरवी फाटके प्रवाहाबरोबर, तांबडी प्रवाहाविरुद्ध. खांबाला नुसता स्पर्श झाला तरी 2 सेकंदांचा दंड, फाटक चुकले तर 50 सेकंदांचा. म्हणजे बेभान वल्हवणाऱ्याला नियमच हरवतात. तांबड्या फाटकात शिरायचे, तर खडकाआडचे संथ पाणी नेमके हेरून तिथे नाव वळवावी लागते. आणि उलटलेली नाव कमरेच्या एका हिसक्याने सरळ करण्याचे कसब खळाळत्या नदीत शिकता येत नाही; ते आधी संथ पाण्यात अंगात मुरवावे लागते.

यावर कुणी म्हणेल, नदी दरवर्षी जीव घेते, मग मुलांना तिच्याकडे का ढकलायचे? नदीचे भय खरे आहे. पण पाण्याची ओढ बंदीने संपत नाही. प्रशिक्षक, हेल्मेट आणि लाइफ जॅकेट नसेल, तर तीच ओढ पुलावरून उडी मारायला लावते. दुसरा आक्षेप असा, की हे खेळ धडधाकट आणि पैसेवाल्यांचे. पैशाची अडचण नाकारता येत नाही, म्हणूनच सरकारी अकादमी लागते. धडधाकटपणाचे उत्तर प्राची यादव यांनी दिले आहे. पायांच्या अपंगत्वासह भोपाळच्या छोट्या तलावावर सराव करून त्या टोकियो पॅरालिम्पिकमध्ये उतरल्या. पॅराकनोमध्ये तिथे पोहोचणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. अंतिम फेरीत त्या आठव्या आल्या आणि 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्यांनी सुवर्ण जिंकले.

तिसरी शंका तलावाच्या प्रकृतीची, आणि ती रास्तच आहे. बडा तलाव शहराची तहान भागवतो. 2002 पासून तो रामसर यादीत आहे. सप्टेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिथल्या क्रूझ आणि मोटारबोटींना मनाई केली. वल्हे मात्र पाण्यात तेल सांडत नाही, धूरही सोडत नाही. उलट, ज्या पाण्यावर मुले रोज सराव करतात, त्याच्या स्वच्छतेसाठी भांडणारी माणसे आपोआप तयार होतात.

महाराष्ट्रात कोलाडच्या कुंडलिकेवर धरणाचे पाणी सुटले, की पर्यटक राफ्टिंग करतात. ती एका सकाळची मौज आहे, चांगलीच आहे. पण थरार विकत मिळतो, धैर्य नाही. ते हवे असेल, तर आपल्या गावोगावच्या तलावांवर वर्षभर वल्ही चालली पाहिजेत.