काडीला गुंडाळलेला रोग

गावाकडच्या सत्तरीतल्या माणसाजवळ 'नारू' एवढा एकच शब्द काढून बघा. आधी चेहरा आक्रसतो, मग गोष्टी सुरू होतात. घोट्याजवळ फोड यायचा, आग आग व्हायची, आणि फोड फुटला की त्यातून शेवईसारखा पांढरा धागा डोकवायचा. तो धागा म्हणजे जिवंत कृमी, दीड-दोन हात लांब. जोर लावून ओढावा तर आतल्या आत तुटायचा, आणि तुटला की पाय सुजून पू धरायचा. म्हणून त्याचं टोक काडीला गुंडाळायचं, रोज थोडासा सोडवून घ्यायचा आणि काडीला आणखी एक वेढा द्यायचा. हा उद्योग कित्येक दिवस, कधी कधी कित्येक आठवडे चाले. तोवर माणूस ओसरीवर, काडी पायाला बांधलेली. आणि हे बहुतेकदा उन्हाळ्यात नाहीतर पेरणीच्या तोंडावर.

आता पंचविशीतल्या कुणाला हाच शब्द विचारा. बहुतेकांनी तो ऐकलेलाच नसतो.

दोन पिढ्यांमध्ये हे घडलं कसं? औषधाने नव्हे. नारूवर आजही औषध नाही, लसही नाही. एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही, असंही नाही. रोग्याला तपासून डॉक्टरच्या हाती उरायची ती काडीच. सार्वजनिक आरोग्याची सुरुवात मात्र वेगळ्या प्रश्नाने होते. या माणसाला काय झालंय, हे विचारून ते थांबत नाही. गावात आणखी कुणाला झालंय, ती माणसं कुठलं पाणी पितात, आणि ही साखळी कुठे तोडता येईल, हे ते विचारतं. १८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरने मृत्यू झालेली घरं शोधत शोधत ब्रॉड स्ट्रीटवरचा पंप गाठला होता. पंपाचा दांडा काढून टाकायला लावला, तेव्हा कॉलऱ्याचा जंतू सर्वमान्य व्हायला अजून तीस वर्षं होती.

नारूच्या साखळीत एक मधला दुवा आहे, तो म्हणजे सायक्लॉप्स. साचलेल्या पाण्यात राहणारा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा हा जीव नारूच्या अळ्या गिळतो. पाण्याबरोबर तो माणसाच्या पोटात जातो, तिथे मरतो आणि अळ्या मोकळ्या होतात. मादी शरीरात वाढत वाढत साधारण वर्षभराने पायाच्या कातडीखाली येते. फोडाची आग शमवायला माणूस पाय पाण्यात बुडवतो, आणि तेवढ्यात ती हजारो अळ्या सोडून देते. पाणी पुन्हा सायक्लॉप्सचं, सायक्लॉप्स पुन्हा माणसाचा.

आता पायऱ्यांची विहीर डोळ्यांसमोर आणा. घागर भरायची तर खाली उतरायचं, शेवटच्या पायरीवर घोटाभर पाण्यात उभं राहायचं. फोड घोट्याला, घोटा पाण्यात, त्याच पाण्यात घागर. आडाचं तसं नाही. कठडा बांधलेला, वर रहाट, पोहरा खाली जातो आणि वर येतो. माणसाचा पाय पाण्याला लागतच नाही. ज्याच्या वाड्यात आड, तो सुटला. जी बाई दोन मैलांवरच्या पायविहिरीवर जायची, ती सापडली. रोग जंतूमुळे होतो हे खरं, पण कुणाला होतो हे बऱ्याचदा पाणी, रस्ता आणि पैसा ठरवतात. अलीकडे आपल्याकडे जुन्या बारवांची साफसफाई होते, पायऱ्यांवर पणत्या लावल्या जातात. दृश्य देखणं असतं आणि वारसा जपायलाच हवा. पण त्याच पायऱ्यांनी किती पाय जायबंदी केले, तेही सांगायला हवं.

भारताने १९८३-८४ मध्ये नारू निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला. १९८४ साली सात राज्यांतल्या ८९ जिल्ह्यांत जवळजवळ ४० हजार रोगी मोजले गेले. त्या सात राज्यांत महाराष्ट्रही होता. कामं साधी होती. पायविहिरीच्या पायऱ्या बंद करून कठडा घालायचा, हातपंप बसवायचा, पाण्यात टेमेफॉस टाकून सायक्लॉप्स मारायचे, प्यायचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं, आणि ज्याला फोड आलाय त्याला पाण्यात उतरू द्यायचं नाही.

अवघड होतं ते पटवणं. आज प्यायलेल्या पाण्याचा नारू पुढच्या वर्षी निघतो. मग विहिरीला दोष कोण देईल? आजोबा-पणजोबा जिचं पाणी प्याले, तिच्याबद्दल बाहेरून आलेला आरोग्यसेवक वाईट बोलतो म्हणजे काय! दुसरी अवघड गोष्ट मोजणीची. कर्मचाऱ्यांनी घरोघर जाऊन विचारायचं, तेही पुन्हा पुन्हा. रोगी कमी होत गेले तसं हे काम वाढलं, कारण हजारांतला एक सुटला तर चालतं, शेवटचा एक सुटून चालत नाही. माझ्या मते सार्वजनिक आरोग्याचा कणा ही कंटाळवाणी मोजणीच आहे. रुग्णालयाच्या उद्घाटनाला फीत कापता येते. न झालेल्या रोगाची फीत कुठे कापणार?

शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात, जोधपूर जिल्ह्यात सापडला. त्यानंतर तीन वर्षं एकही नाही, याची खातरजमा झाल्यावर फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं.

जगाचा हिशेब मात्र अजून मिटलेला नाही. १९८६ साली आफ्रिका आणि आशियात मिळून सुमारे ३५ लाख लोकांना नारू व्हायचा. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या संस्थेने त्या सुमारास हे काम अंगावर घेतलं. १९९५ साली सुदानमध्ये यादवी चालू असताना कार्टर यांनी दोन्ही बाजूंना काही महिने बंदुका खाली ठेवायला लावल्या, त्या आरोग्यसेवकांना गावांत पोचता यावं म्हणून. भटक्या लोकांना गळ्यात अडकवायच्या गाळणीच्या नळ्या दिल्या. मग २०१२ पासून चाडमध्ये कुत्र्यांमध्ये नारू सापडू लागला आणि सगळं गणित फिरलं. आता तिथे कुत्र्यांनी खाऊ नयेत म्हणून माशांची आतडी पुरायला आणि कुत्री बांधून ठेवायला सांगतात, खबर देणाऱ्याला बक्षीस देतात. निर्मूलनाचं पहिलं लक्ष्य १९९५ होतं, सध्याचं २०३० आहे. २०२४ साली जगभरात १५ माणसांना नारू झाला, चाड आणि दक्षिण सुदानमध्ये.

आपल्याकडे घोट्यावर तो वण असलेली माणसं आता थोडीच उरली आहेत. दिवाळीत गावी गेलात तर त्यांना विचारा, आणि ती विहीर कुठली होती तेही विचारून घ्या.