प्रकाशा येथील ताम्रपाषाणयुगीन दगडी पाती : निर्मिती व चाचणी

प्रस्तावना : पुरुषोत्तमनगर परिसरात प्रकाशा (ता. शहादा) हे तीर्थक्षेत्र म्हणून सुपरिचित आहे. तापी-गोमाई संगमावरील तेथील टेकाडाचे बी. के. थापर यांनी १९५४-५५ मध्ये उत्खनन केले. त्यात ताम्रपाषाणयुगीन वसाहतीच्या अवशेषांसमवेत कॅल्सेडनीची पाती मिळाली. ही पाती म्हणजे घरगुती सुऱ्या की विळ्याचे दाते, हा प्रश्न केवळ आकारावरून सुटत नाही.

निर्मिती : दख्खनच्या बेसाल्टमधील पोकळ्यांत तयार झालेला हा दगड गोट्यांच्या रूपाने नदीपात्रात आढळतो. गाभ्याच्या एका कडेवर आलटून-पालटून छिलके काढून कंगोरा तयार करीत. तो कंगोरा काढल्यावर त्यामागोमाग समांतर कडांची पाती निघत. तांबे दुर्मीळ असल्याने दैनंदिन कापण्या-चिरण्यास दगडी पातीच उपयोगी पडत.

चाचणी : झिजेच्या खुणांच्या अभ्यासास सेम्योनोव यांच्या १९५७ मधील रशियन ग्रंथाने पद्धतशीर रूप दिले. त्यानुसार नवी पाती करून एकाने गवत, दुसऱ्याने कातडे व तिसऱ्याने लाकूड कापावे, फेऱ्या मोजाव्यात आणि धार सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. गवतातील सिलिकामुळे कडेवर चकाकी येते, कातड्याने धार गोलसर होते, तर लाकडाने सूक्ष्म टवके उडतात. छिलके काढताना संरक्षक चष्मा आवश्यक आहे.

निष्कर्ष : एकाच पात्याने अनेक कामे केलेली असू शकतात. म्हणून अशी तुलना केल्याविना कोणत्याही पात्यास 'सुरी' म्हणणे हे अनुमानच ठरते.