भाऊबीज व निबंधाचा विषय

कार्तिक शुद्ध द्वितीयेस यम आपल्या बहिणीच्या, यमुनेच्या, घरी भोजनास गेला, म्हणून ही तिथी यमद्वितीया होय. भावासाठी उपवास मात्र आपल्याकडे श्रावणातच, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, करितात.

दिवाळीच्या सुट्टीनंतर जवळा बाजार येथील एका वर्गात मी ‘माझी भाऊबीज’ हा निबंध लिहावयास सांगितला. एका मुलीची वही कोरीच राहिली. तिला भाऊ नव्हता. विषय निवडताना हे माझ्या ध्यानी यावयास हवे होते.

भाऊ नसलेली स्त्री त्या सायंकाळी चंद्रास ओवाळते. आईचा तो भाऊ, म्हणूनच मुलांचा चांदोमामा! बीजेची कोर सूर्यास्तानंतर लवकरच मावळते. तेव्हा निरांजन आधीच सिद्ध ठेवावे लागते. शिक्षकबंधुभगिनींनी ही चाल वर्गात आधी सांगावी व विषय ‘बीजेची सायंकाळ’ असा द्यावा.