पहारेकऱ्याची परीक्षा

आमच्या न्यासाचे दफ्तर एके काळी लोखंडी कपाटात असे व किल्ली चिटणीसांच्या कनवटीला. आज शिष्यवृत्तीचे अर्ज, देणग्यांचा हिशेब, सभासदांचे पत्ते, सर्व संगणकात आहे. आणि पहाऱ्यावर आहे अँटिव्हायरस. कोणता घ्यावा, असे सभासद आम्हां शिक्षकांस नेहमी विचारतात. याचा निकाल घरी लावता येईल काय, हे आम्ही गेल्या ईदच्या सुट्टीत पाहिले.

प्रथम पहारेकरी काम कसे करतो ते समजून घेऊ. तो फाइलीतील खुणा जुन्या गुन्हेगारांच्या खुणांशी ताडतो, चालू प्रोग्रामची वागणूक पाहतो आणि संशय आल्यास कंपनीच्या दूरच्या संगणकास इंटरनेटवरून विचारतो.

घरच्या प्रयोगासाठी एक जुना संगणक घेतला. त्यात व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या पोटात दुसरा संगणक, तयार केला. त्याच्या कोऱ्या स्थितीचा स्नॅपशॉट घेऊन ठेवला. एक अँटिव्हायरस तपासला की पुन्हा त्या कोऱ्या स्थितीवर यायचे व मग दुसरा घालायचा. दोन पहारेकरी एकाच दारी उभे केले, तर ते एकमेकांसच अडवतात.

खरे विषाणू आम्ही आणले नाहीत. त्याऐवजी आयकार नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइल वापरली. सर्वांनी ती पकडली, तेव्हा सर्व सारखेच उत्तम, असे आम्ही वहीत लिहून टाकले. ही आमची चूक होती. ती फाइल सर्वांना आधीच ठाऊक असते. पहारेकरी जागा आहे एवढेच तिने कळते. वर्गात सर्वांस पाठ असलेला एकच प्रश्न विचारून पहिला क्रमांक ठरत नाही!

मग खरे विषाणू का आणू नयेत? एक तर सुटले तर घरातील इतर संगणक बाधतील. इंटरनेट तोडले तर पहारेकऱ्याचा सल्लागारच तुटतो व परीक्षा अन्यायाची होते. काही विषाणू तर व्हर्च्युअल मशीन ओळखून गप्प बसतात. शिवाय वीस नमुन्यांत एकाने एकोणीस व दुसऱ्याने अठरा पकडले, तर फरक केवळ एका फाइलीचा. त्यावरून काय ठरणार?

तथापि घरी दोन गोष्टी निश्चित तपासता येतात. आपल्या निर्दोष गुणपत्रिका व हिशेबाच्या फाइली तो विनाकारण पकडतो काय? आणि तोच फाइलींचा गठ्ठा नकलण्यास किती वेळ लागतो? पकडण्याच्या कसोटीसाठी मात्र जर्मनीतील एव्ही-टेस्ट व ऑस्ट्रियातील एव्ही-कंपॅरेटिव्हज या संस्थांचे अहवाल पाहावेत. तेही एकच नव्हे, लागोपाठचे अनेक.

आणखी एक. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने जगभर संगणक कुलूपबंद केले. ज्या भोकातून तो शिरला, ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. सबब विंडोजच्या दुरुस्त्या वेळेवर घ्याव्यात. आणि दफ्तराची एक नक्कल वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी.

अर्ज करणाऱ्या मुलांनी आपली कागदपत्रे विश्वासाने न्यासाकडे दिली आहेत. पहारेकरी कितीही चांगला असो, ती जबाबदारी त्याची नव्हे, आपली आहे.