भाषाशिक्षणाची शाळा म्हणून घर : पुण्यातील परदेशी विद्यार्थी आणि कुटुंबनिवास

प्रस्तावना

परदेशी भाषा शिकण्याचा खात्रीचा मार्ग म्हणून त्या भाषेच्या प्रदेशात, तेथील कुटुंबात राहण्याची पद्धत जगभर रूढ झाली आहे. स्पॅनिश शिकू इच्छिणारे विद्यार्थी स्पेनमधील सालामांका किंवा ग्वाटेमालातील अँटिग्वा येथे जातात; सकाळी वर्गात व्याकरण शिकतात आणि उरलेला दिवस यजमान कुटुंबात घालवतात. पुणे शहर हे मराठीच्या बाबतीत असेच केंद्र आहे. या पद्धतीचे मर्म व तिच्या मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात मोल्सवर्थने मराठी पंडितांच्या साहाय्याने कोश सिद्ध केला (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७). त्या काळी परकीय अभ्यासक सामान्यतः आपल्या बंगल्यात राहत व शिकवण्यासाठी पंडित तेथे येत. स्वातंत्र्योत्तर काळात हा क्रम उलटला व विद्यार्थी मराठी घरात राहू लागला. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेचे भारतातील कार्य प्रारंभी डेक्कन कॉलेजातून चालत असे. या संस्थेचे मराठीचे वर्ग पुण्यात होत आले आहेत. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील महाविद्यालयांच्या संघानेही पुण्यात दीर्घकाळ भारत-अध्ययन कार्यक्रम चालवला. त्यातील विद्यार्थी मराठी कुटुंबांत राहत, मराठी शिकत आणि एखाद्या विषयावर स्वतंत्र प्रकल्प करीत. आंबेडकरी चळवळीच्या अभ्यासक व कार्लटन कॉलेजातील प्राध्यापिका एलिनॉर झेलियट (१९२६–२०१६) यांचा या कार्यक्रमाशी निकटचा संबंध होता.

घर काय शिकवते?

मराठीतील 'आपण' आणि 'आम्ही' हा भेद इंग्रजीत नाही, स्पॅनिशमध्येही नाही. व्याकरणात तो दोन ओळींत सांगता येतो. मात्र यजमानीण 'आम्ही लग्नाला जाणार आहोत' याऐवजी 'आपण लग्नाला जाणार आहोत' असे म्हणते, तेव्हा आपण त्या घरातले झालो हे विद्यार्थ्याला सर्वनामावरूनच कळते. स्पॅनिश शिकलेल्या विद्यार्थ्याला 'तू' आणि 'तुम्ही' यांतील अंतर 'तू' व 'उस्तेद' यांमुळे परिचित असते. तरीही आईला 'तू' आणि वडिलांना अनेक घरांत 'तुम्ही' का म्हणतात, हे त्याला घरातच उमगते. बाहेर पडताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणण्याचा संकेतही असाच उंबरठ्यावर शिकला जातो.

पद्धतीच्या मर्यादा

पहिली अडचण इंग्रजीची आहे. सुशिक्षित पुणेकर कुटुंब पाहुण्याच्या सोयीसाठी, आणि पुष्कळदा आपल्या मुलांच्या सरावासाठी, इंग्रजीतच बोलते. परिणामी विद्यार्थी मराठी घरात राहूनही मराठीपासून दूर राहतो.

दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. एक घर म्हणजे मराठी समाज नव्हे. पाहुण्यासाठी स्वतंत्र खोली देऊ शकणारे कुटुंब बहुधा मध्यमवर्गीय असते. त्या घरात आईची बहीण 'मावशी' असते आणि भांडी घासणारी स्त्रीही 'मावशी'च असते. शब्द एकच असला तरी कोणती मावशी खुर्चीवर बसते व कोणती जमिनीवर, हे जो विद्यार्थी पाहत नाही, त्याला शब्द कळला पण समाज कळला नाही असे म्हणावे लागेल. या संदर्भात मॅक्सिन बर्नसन यांचे उदाहरण उद्बोधक आहे. त्यांनी पुण्याबाहेर फलटणला राहून तेथील बोलीतील सामाजिक भेदांचा अभ्यास केला, जाई निंबकर यांच्यासह परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके रचली आणि पुढे फलटणमध्येच प्रगत शिक्षण संस्थेच्या माध्यमातून मुलांच्या शिक्षणाचे कार्य उभे केले. त्यांचे भाषाशिक्षण एका घरापुरते मर्यादित राहिले नाही.

महाविद्यालयांची भूमिका

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये परदेशी विद्यार्थ्यांना भारतात आकर्षित करण्यावर भर आहे. त्या दृष्टीने केवळ वसतिगृहाची सोय पुरेशी नाही. महाविद्यालयांना पुढील उपाय योजता येतील :

१) यजमान कुटुंबाशी दिवसातील काही तास केवळ मराठीतच बोलण्याचा करार करावा. जेवणाची वेळ यासाठी सर्वांत सोयीची होय.

२) विद्यार्थ्याचा निवास किमान दोन भिन्न सामाजिक स्तरांतील कुटुंबांत, शक्य असल्यास एक ग्रामीण भागात, ठेवावा.

३) यजमान कुटुंबाला केवळ खोलीचे भाडे न देता शिक्षणातील सहभागाबद्दल मानधन द्यावे.

४) विद्यार्थ्याने ऐकलेल्या शब्दांची व प्रसंगांची नोंदवही मराठी विभागाने तपासावी.

समारोप

परदेशी विद्यार्थ्याशी मराठीत बोलावे की इंग्रजीत, हा वरवर सोयीचा प्रश्न वाटतो. वस्तुतः आपली भाषा दुसऱ्याने शिकण्याजोगी आहे असे आपण मानतो काय, याची ती कसोटी आहे. जे घर पाहुण्यासाठी मराठी बोलू लागते, त्या घरातील मुलांच्या कानांवरही ती अधिक पडते. म्हणूनच कुटुंबनिवासाचा लाभ केवळ पाहुण्यालाच होतो असे नाही.